राहिलेलं कडवं

अण्णा, हॉलमधली तुमची खुर्ची मी हलवलेली नाही. भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड, अशीच आहे. पोलीस माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही, असं तुम्ही इथे आल्याच्या दिवशीच मला बजावलंत आणि सोफा स्वतःच्या हातांनी सरकवून ती जागा तयार केलीत. इथे आखातात, अल मुंतझातल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये कोण गुंड घुसणार होता देव जाणे. पण तुम्ही पहारा दिलात आणि मी चहा देत राहिले. आता खुर्ची रिकामी आहे आणि दारावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलंय.

तुमचा लेक समीर तुम्हाला नाशिकला घेऊन गेला. हे वाक्य मी एकदा लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण इथे आल्यापासून तुम्ही त्याच्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. मला नाशिकला घेऊन चल, एवढंच. तो म्हणायचा, तिथे एकटे राहणार का, बायपास झालीय, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार. तुम्ही म्हणायचात, इथे काही झालं तर काय तू बघणार आहेस, तू तर मेसईदला कारखान्यात. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही. शेवटी घेऊन गेला तुम्हाला. कागदपत्रं, वकिलात, विमानाची परवानगी, सगळं त्याने धावपळ करून केलं. पण हे असं.

मी इथेच राहिले. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला, तो हातात येईपर्यंत मला विमानतळाच्या आत कोण सोडणार. तुम्हाला अग्नी दिला तो मी ओट्याशी उभी राहून फोनवर बघितला. मध्येच चित्र अडकलं आणि समीरचा हात तसाच थांबून राहिला. पुन्हा चालू झालं तेव्हा धूर होता. तेव्हा मी रडले नाही. फोन ठेवला, सिंकमध्ये तुमचा स्टीलचा पेला दिसला, आणि मग मात्र मला खाली बसावं लागलं.

खरं सांगायचं तर या फ्लॅटमध्ये आपण दोघंच राहत होतो. समीर पहाटे कंपनीच्या बसने जायचा तो संध्याकाळी यायचा. मी नाशिकची चांगली नोकरी सोडून आलेली, इथे अर्ज पाठवून पाठवून कंटाळलेली. तुम्ही तुमचं राहतं घर भाड्याने देऊन आलेले. दोघंही समीरच्या व्हिसावर. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे एसी दिसायचे, आणि मे ते सप्टेंबर ती खिडकी उघडायचीही सोय नाही. "मीनल, मी आयुष्यभर लोकांना आत टाकलं," तुम्ही एकदा म्हणालात, "पण कुणाला एवढा गार एसी दिला नाही." मी हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

सुरुवातीला तुमचा मला राग यायचा. सकाळ-संध्याकाळ दाराची कडी तपासणं, जिन्यातून राऊंड मारणं, खालच्या वॉचमनची गाव-वाडीसकट चौकशी करणं. भाजी निवडताना माझी उलटतपासणी चालायची. पैसे कमी होते का आईबापांकडे, समीरला कुठे भेटलीस, तिथे काय करत होतीस. मी एकदा चिडून म्हणाले, अण्णा, माझा जबाब लिहून घ्या आणि मला सही करू द्या. त्यावर तुम्ही निमूट वाटाणे सोलायला बसलात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्हाला बोलायला दुसरं कुणी नव्हतं आणि बोलण्याची दुसरी पद्धत माहीतही नव्हती.

मग लिफ्टमधला तो प्रसंग. वरच्या मजल्यावरचा डॅनी, फिलिपिनो मुलगा, मेसईदच्याच एका प्लांटमध्ये वेल्डर. हातात लांबोडकी काळी पेटी. तुम्ही त्याला वरून खाली न्याहाळलंत आणि साहेबी आवाजात म्हणालात, "ओपन." परक्या देशात, चालत्या लिफ्टमध्ये, अनोळखी माणसाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बिचाऱ्याने घाबरून पेटी उघडली. आत गिटार होती.

तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. तुम्ही विचारलंत, हात लावू का. डॅनी हो म्हणाला. आपला मजला आला, दार उघडलं, पुन्हा बंद झालं, लिफ्ट आपल्याला घेऊन वरखाली करत राहिली आणि तुम्ही तिथेच उभ्या उभ्या तारा जुळवत होतात.

संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत की तुम्हाला लहानपणापासून कंट्रीची आवड. आता निवृत्त पोलीस इन्स्पेक्टरने असं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे देशी दारूचे फुगे आले, त्याला मी काय करणार. मग कळलं की हे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं संगीत, शेतं, घोडे, रेल्वे आणि दुरावलेली माणसं यांची गाणी. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत तुमच्या शेजारी रॉनी अंकल नावाचे अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. ड्युटीवरून आले की व्हरांड्यात बसून गिटारवर हीच गाणी म्हणायचे. तुमचे वडील इंजिनावर, आई सहा पोरांमागे, त्यामुळे तुम्ही पडीक त्या व्हरांड्यात. शब्द कळायचे नाहीत, पण गाडी घाट चढतेय हे कळायचं, असं तुम्ही म्हणालात. रॉनी अंकल परदेशी गेले तेव्हा गिटार तुम्हाला देऊन गेले.

आणि तुम्ही ती इगतपुरीतच ठेवून पोलीस ट्रेनिंगला गेलात. मी विचारलं, का? "फौजदाराच्या हातात गिटार बघून चोरसुद्धा हसले असते," तुम्ही म्हणालात. एवढं सोपं उत्तर. अख्खी नोकरी झाली, सासूबाई गेल्या, बायपास झाली, आणि सासूबाईंनाही तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत. मला सांगितलंत, कारण मी समोर होते आणि बाहेर पन्नास डिग्री होतं.

डॅनीने त्याची जुनी गिटार तुम्हाला आणून दिली. पहिले काही आठवडे बोटं सोलवटली. तुम्ही बोरोलिन लावून पुन्हा बसायचात. मला वाटलं होतं मला त्रास होईल, पण दुपारचा तो तंबोऱ्यासारखा एकसुरी एसीचा आवाज मोडला याचं मला बरंच वाटलं. मग शब्द ऐकू येऊ लागले. बरीचशी गाणी तुरुंगातल्या माणसांची. गजाआड बसून दूरची रेल्वेची शिटी ऐकणारी. मी म्हणाले, अण्णा, ज्यांना आत टाकलंत त्यांचीच गाणी म्हणताय की. तुम्ही म्हणालात, त्यांचीच आता समजायला लागलीत.

तुमचं स्वतःचं गाणं तुम्ही याच खुर्चीत बसून केलंत. मराठी शब्द, चाल मात्र रॉनी अंकलच्या वळणाची. कसाऱ्याहून गाडीला घाट चढवायला मागून एक जादा इंजिन जोडतात, बँकर म्हणतात त्याला. गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणायचं, तिथे सोडून द्यायचं, गाडी पुढे निघून जाते आणि ते एकटं घाट उतरून परत जातं. त्या इंजिनाचं गाणं. तीन कडवी. पोळ्या लाटता लाटता माझं पाठ झालं. मी समीरला ऐकवायला सांगायचे, तर तुम्ही तो आला की गिटार पेटीत घालायचात.

का ते मला समीरकडून कळलं, तेही भांडणात. डॅनीच्या मित्रांचा एक ग्रुप होता. मेसईदच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी जमायचे आणि हीच गाणी वाजवायचे. डॅनीने तुम्हाला बोलावलं. तुम्ही शाळेतल्या मुलासारखे खूश होतात, दाढी दोनदा केलीत. आणि समीर नको म्हणाला. तिथे त्याचे साहेब येतात, तुमचं हृदय, मुलाच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाने कुठे गाणंबिणं म्हणावं का, उगाच काही लफडं झालं तर. तुम्ही ऐकून घेतलंत. मग फक्त म्हणालात, मी आयुष्यात एक गाणं लोकांसमोर पूर्ण म्हटलेलं नाही, समीर.

"मीही नाही," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. तो आठवीत असताना सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात समीरचं एक गाणं होतं. महिनाभर तयारी केलेली. कार्यक्रम लांबला, त्याची पाळी शेवटी आली, आणि शेवटचं कडवं चालू असताना दहा वाजले. जीप आली. तुम्ही वर्दीत उतरलात, स्टेजजवळ गेलात आणि लाऊडस्पीकरची वायर स्वतःच्या हाताने काढलीत. मुलगा तोंड हलवत उभा, आवाज नाही. पोरं हसली. त्यानंतर तो गायला नाही. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला नवरा गातो हे माहीतही नव्हतं.

तुम्ही म्हणालात, कायदा सगळ्यांना सारखा. स्वतःच्या पोराला पाच मिनिटं दिली असती तर बाकीच्या मंडळांना मी काय तोंड दाखवलं असतं?

"पाच मिनिटं नव्हती, अण्णा. एक कडवं होतं."

तुम्ही खोलीत निघून गेलात. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, त्या उकाड्यात. मी मधल्या हॉलमध्ये, एका बंद दाराकडे आणि एका काचेकडे बघत. या घरात आपण तिघंही अडकलो होतो, आणि व्हिसा हे त्याचं कारण नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, मी नेते अण्णांना, माझ्याकडे लायसन्स आहे, ज्याला यायचं त्याने यावं. तुम्ही दोघं बापलेक इतके सारखे आहात की दोघंही एकदमच बाहेर आलात, आणि दोघंही म्हणालात, तुझं त्या हायवेवरचं ड्रायव्हिंग नको.

समीरनेच गाडी चालवली. हॉल साधाच, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर समोसे आणि ज्यूस. तुम्ही सवयीने भिंतीला पाठ लावून बसलात. समीर शेवटच्या रांगेत, दाराशी. एक स्कॉटिश इंजिनीअर होता, त्याला थांबायचं कळत नव्हतं. मी सारखी घड्याळाकडे बघत होते, कारण मला तुमची झोपेची गोळी आठवत होती. तुम्हीही घड्याळाकडे बघत होतात. मला वाटलं घाबरलात.

तुमची पाळी सगळ्यात शेवटी आली. तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, हे ढकलणाऱ्या इंजिनाचं गाणं आहे, आणि सुरू केलंत. एकालाही मराठी कळत नव्हतं, तरी हॉल गप्प झाला. डॅनीने मागून हलकेच ठेका धरला. अण्णा, घरी तुम्ही कधी तसे गायला नाहीत. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मी समीरकडे वळून बघितलं तर तो खुर्चीत पुढे झुकून बसला होता. तिसऱ्याला तुम्ही श्वास घेतलात, समोरच्या भिंतीवर नजर गेली, आणि तुम्ही तारांवर हात ठेवलात.

"टाइम ओव्हर," तुम्ही म्हणालात. "खलास. थँक यू."

दहा वाजले होते. तिथे कुणी तक्रार करणारं नव्हतं, वॉचमनसुद्धा गाणं ऐकत उभा होता. डॅनी इथल्या अरबी-इंग्रजी मिसळीत म्हणत राहिला, अंकल, यल्ला, फिनिश, म्हणजे चला, पूर्ण करा. तुम्ही गिटार पेटीत ठेवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गाणं तेवढंच आहे. परत येताना समीर गाडी चालवत होता आणि त्याचा जबडा आवळलेला मला बाजूने दिसत होता. त्याला वाटलं तुम्ही त्याला दाखवून दिलंत. बघ, मी स्वतःलाही सूट देत नाही. पुढचे दोन दिवस तो तुमच्याशी कामापुरतं बोलला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीच्या सकाळी, तो झोपलेला असताना तुम्ही चहाला आलात. मी रागातच होते. मी म्हणाले, अण्णा, इतक्या दिवसांनी मिळालं होतं, इथे कुठला कायदा आडवा आला तुम्हाला? तुम्ही पेला दोन्ही हातांत धरलात.

"कायद्याचं नाही गं," तुम्ही म्हणालात. "पोराचं कडवं मी तोडलं. तो समोर बसलेला असताना माझं कसं पूर्ण करू?"

मी म्हणाले, हे त्याला सांगा. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, आता सांगून काय, त्याला वाटेल म्हातारा माफी मागतोय. तूही सांगू नकोस. मी विचारलं, मागताय ना पण? तुम्ही पेला सिंकमध्ये ठेवलात, कडी तपासलीत आणि खोलीत गेलात.

रविवार इथे कामाचा दिवस, समीर पहाटेच गेला होता; सकाळी तुम्ही आंघोळ करून खुर्चीत बसलात, आणि मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही दाराकडे बघत होतात, पण बघत नव्हतात. त्यापुढचं मी लिहिणार नाही, ते तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे. समीर मेसईदहून येईपर्यंत मी तुमच्या शेजारी जमिनीवर बसले होते. तो आला, त्याने तुमचा हात धरला आणि म्हणाला, मी यांच्याशी नीट बोललोच नाही. आणि तुम्ही जे सांगू नकोस म्हणालात ते वाक्य माझ्या तोंडात होतं. अण्णा, तुम्ही मला कुठल्या पेचात टाकून गेलात याची तुम्हाला कल्पना नाही. सांगावं तर तुमचा शब्द मोडतो, न सांगावं तर तो माणूस उभा जळतोय. तुम्ही गेल्यापासून या घरात मी आणि ते वाक्य, दोघंच कोंडून पडलो होतो.

आज दहावा. गोदाघाटावर दशक्रिया होती. इथे नुकतं उजाडत होतं. समीरने फोन लावून हातात धरला होता, त्यामुळे मला कधी पाणी दिसायचं, कधी गुरुजींचं धोतर, कधी नुसतं आभाळ. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. एकही खाली येईना.

तुमचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, समीरला एकेक सुचवायला लागले. म्हण, नाशिकचं घर विकणार नाही. तो म्हणाला. म्हण, आईच्या वर्षश्राद्धाला येत जाईन. तो म्हणाला. म्हण, बायकोला नीट सांभाळीन. तेही म्हणाला बिचारा, मी फोनवर ऐकत असताना. कावळे ढिम्म. पलीकडे दुसऱ्या घरचे लोक पाळीसाठी खोळंबले होते. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिवून घेऊ, चालतं तसं.

माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तुमचा काय जीव अडकलाय ते त्या घाटावर एकालाही माहीत नव्हतं आणि मला हजारो मैलांवर स्वयंपाकघरात माहीत होतं, हे मला सहन झालं नाही. मी म्हणाले, समीर, फोन कानाला लाव. आणि मी तुमचा शब्द मोडला, अण्णा. चहाच्या वेळचं सगळं सांगितलं, तुमच्याच शब्दांत.

मागे घाटावरची गडबड ऐकू येत होती, त्यामुळे कॉल चालू आहे एवढं कळत होतं.

"तुला येतं ते गाणं?" त्याने शेवटी विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग राहिलेलं म्हण," तो म्हणाला, आणि त्याने फोन स्पीकरवर टाकून पिंडाकडे धरला.

माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. शाळेत मला प्रार्थनेला मागे उभं करायचे. एसी बंद केला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

चढ सरला, सोड मला आता, पुढे सपाट आहे,
घाट उतरून परत जायची माझी वाट आहे.

तेवढ्यात तिकडे एकच गलका झाला. शिवला, शिवला. नानाकाका रडायला लागले. गुरुजी म्हणाले, झालं, सुटले ते, चला, उचला आता. पुढच्या लोकांना जागा द्यायची होती, पायांची पळापळ झाली, चित्र वेडंवाकडं हलायला लागलं. काम झालं होतं. मी गप्प झाले.

मग हलणारं चित्र थांबलं. समीरचा चेहरा समोर आला, डोकं भादरलेलं, डोळे लाल. मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "पूर्ण कर."

मागं वळून बघू नको, शिटी एकदा वाजव,
पुढं कधी चढ लागला तर मला मनात आठव.

शेवटच्या ओळीला माझ्याबरोबर तोही होता, अण्णा.